हेझल थर्केटलचं शिसं

हेझल थर्केटल आमच्या क्लबात पहिल्यांदा आली ती ऑगस्टमधल्या एका रविवारी, आणि येताना सोन्याची नाणी ठेवायला मखमली कप्प्यांची पेटी घेऊन आली. नवाकोरा मेटल डिटेक्टर खांद्यावर, पेटी काखेत, पायात गुडघ्यापर्यंतचे लाल रबरी बूट. जव कापून झाला होता, शेतात नुसती धसकटं उभी होती आणि आम्ही बाराचौदा जण फाटकाशी चहा पीत होतो. पेटी बघून कुणी हसलं नाही. म्हणजे तोंडावर हसलं नाही.

शेतात पुरलेल्या जुन्या वस्तू डिटेक्टरनं शोधणाऱ्यांचा हा क्लब, आणि मी त्याचा चिटणीस. हॅलिंगम आणि आसपासच्या गावांत तीस वर्षं टपाल वाटलं, त्यामुळे हेझलला मी चांगला ओळखत होतो. तिला न ओळखणारा गावात होता कोण? अठ्ठावीस वर्षं तिनं शाळेचं स्वयंपाकघर चालवलं. निम्म्या गावानं तिच्या हातचा स्ट्यू खाल्ला होता आणि उरलेल्या निम्म्यानं ताटात टाकला म्हणून तिची बोलणी खाल्ली होती. आवाज असा, की शाळेच्या घंटेची गरजच पडू नये.

ती निवृत्त झाली तेव्हा सगळ्या शिक्षकांनी मिळून तिला एक पाकीट दिलं. नवऱ्याला घेऊन स्पेनला जाऊन ये म्हणाले. पण त्याच आठवड्यात तिनं टीव्हीवर एक माणूस पाहिला. शेतात खणता खणता त्याला मडकंभर सोन्याची नाणी सापडली होती. झालं! स्पेन राहिलं बाजूला आणि घरात डिटेक्टर आला. तिचा नवरा क्लाइव्ह जन्मभर गवताची छपरं शाकारत आलेला, उन्हाळी सुट्टीची वाट बघत बसलेला. तो पबमध्ये सगळ्यांना सांगत सुटला, "हिला म्हटलं समुद्र दाखव, तर हिनं ऑल्डसच्या शेतातला चिखल दाखवला."

त्या पहिल्या रविवारी हेझलच्या डिटेक्टरनं चौथ्या मिनिटाला आवाज दिला. ती गुडघ्यावर बसली, खुरप्यानं माती उकरली, आणि पुढच्या क्षणी अख्ख्या शेतानं तिची आरोळी ऐकली.

"सोनं! सोनं! अरे सोनं आहे इकडे!"

मूठ वर धरून ती धसकटं तुडवत आमच्याकडे धावत आली. मूठ उघडली. आत पिवळं, गोल, चकाकतं काहीतरी होतं. पर्सी लारवूडनं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. पर्सी आमच्यातला सगळ्यात जुना. वय चौऱ्याहत्तर, सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतांवर राबण्यात गेलेलं, बोलणं तोलूनमापून.

"काडतुसाचं बूड," तो म्हणाला. "पितळी. कुणीतरी तितर मारला असेल. किंवा नेम चुकला असेल."

"नक्की?"

"मागे कंपनीचं नाव आहे बघ."

हेझलनं बघितलं. नाव होतं. तिचा चेहरा असा पडला, की पर्सीला दया आली. त्यानं आपल्या थर्मासमधला चहा तिला ओतून दिला आणि म्हणाला, "पोरी, पहिल्या वर्षाचं तुला आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर रडू नकोस. खिळे मिळतील. काडतुसांची बुडं मिळतील. बिअरच्या डब्यांच्या कड्या, ट्रॅक्टरचे नट, बटणं. आणि शिसं, शिसं, शिसं. एखादा तांब्याचा पैसा मिळेल, तोही इतका झिजलेला की वरचा राजा कोण ते त्याच्या आईलासुद्धा सांगता यायचं नाही. शिवाय डिसेंबरपर्यंत कंबर जाईल, ती वेगळीच."

"आणि सोनं?"

"मी अडतीस वर्षं येतोय. अजून तरी नाही."

"अडतीस वर्षं?" हेझलचा आवाज पार बांधापर्यंत गेला. "मग येता कशाला?"

पर्सीनं थोडा विचार केला. "चहा बरा असतो इथला," तो म्हणाला.

आम्ही हसलो. हेझलही हसली, पण तिनं चहा संपवला आणि पुन्हा शेतात गेली. त्या दिवशी तिनं एकेचाळीस खड्डे खणले. मिळकत म्हणाल तर अगदी पर्सीच्या यादीप्रमाणे, वर एक मोडका काटाचमचा. निघताना पर्सीनं नवख्यांना नेहमी देतो ते दोन सल्ले तिलाही दिले. पहिला: पहिलं वर्ष कान तयार करायचे, लोखंड घुरघुरतं, चांदी किणकिणते, पण फरक कळेपर्यंत वाजेल ते सगळं खणायचं. दुसरा: जे निघेल ते कुठे निघालं, ते लिहून ठेवायचं.

हा दुसरा सल्ला आम्ही सगळेच देतो आणि पाळत कुणीच नाही. चांगलं नाणं मिळालं तर जागा टिपून ठेवतो; भंगाराची नोंद कोण करतो? पण अठ्ठावीस वर्षांत हेझलच्या फ्रीजमध्ये तारखेच्या चिठ्ठीशिवाय एक डबा राहिलेला नव्हता. तिला वाटलं, सगळेच लिहितात. तिनं वही घातली. प्रत्येक खिळ्याला, प्रत्येक बटणाला, शिशाच्या प्रत्येक गोळ्याला एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर नंबर. वहीत तोच नंबर, तारीख, फोननं दाखवलेली नेमकी जागा आणि पुढे तिला वाटेल ते नाव. "खिळा." "खिळा." "बटण, कुरूप." "शिसं, पोपटासारखं दिसणारं."

क्लबाचा रविवार महिन्यातून एकदाच. तेवढ्यानं तिचं भागेना. म्हणून सप्टेंबरात ती आल्याचा केक करून थेट रॉडनी ऑल्डसच्या दारात उभी राहिली. ऑल्डस हा आमच्या भागातला मोठा शेतकरी. तोंडातून शब्द निघणं म्हणजे दगडातून पाणी. हा प्रसंग मला हेझलनंच नंतर सांगितला.

"मिस्टर ऑल्डस, मला एक शेत द्या. शोधायला."

"लाँग लँड," ऑल्डस म्हणाला. "मार्चमध्ये बीट पेरणार. तोपर्यंत मोकळं आहे. तिथे काही नाही."

"चालेल."

"एक जरी खड्डा उघडा दिसला तर पुन्हा यायचं नाही."

"एक जरी उघडा दिसला तर केक परत घेऊन जाते."

ऑल्डसनं केककडे पाहिलं, आणि दार लावण्याआधी म्हणे तो किंचित हसला. हे मात्र मला अजून खरं वाटत नाही.

लाँग लँड म्हणजे ओढा आणि गुरं नेण्याची जुनी वाट यांच्या मधलं चौदा एकरांचं शेत. आमच्या क्लबानं ते नऊ वर्षांपूर्वीच सोडून दिलेलं. तीन रविवार फिरलो होतो, शिशाशिवाय काही हाती लागलं नव्हतं. हेझल दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिथे जाऊ लागली. लाल बूट, कानांवर हेडफोन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पट्टे, परत फिरायचं, पुढचा पट्टा. रस्त्यानं जाणारे गाडीतून हॉर्न वाजवायचे. तिला ऐकू यायचं नाही.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. पबमध्ये क्लाइव्ह म्हणायचा, "आमच्याकडे शिसं इतकं झालंय की चर्चचं शिशाचं छप्पर नव्यानं घालून देतो. विचारा पाद्रीबुवांना." हेझल सुरुवातीला त्याच्या बरोबरीनं हसायची. नाताळच्या सुमाराला हसेनाशी झाली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा मला फोन आला.

"क्लबात कुणाला डिटेक्टर हवाय का बघ. फारसा वापरलेला नाही."

"पाच महिने वापरतेस आणि फारसा नाही?"

"विकायचा असला की असंच सांगतात," ती म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता. "तुम्ही सगळ्यांनी मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. मला वाटलं, इतरांना मिळत नाही, मला मिळेल. आता या वयात इतका मूर्खपणा बरा दिसत नाही."

मी पर्सीला सांगितलं. तो फक्त म्हणाला, "शुक्रवारी ती शेतावरच असेल ना? चल."

शुक्रवारी कडाक्याच्या थंडीनं दव गोठलं होतं. धसकटं पांढरी झाली होती. हेझल फाटकापाशी उपड्या बादलीवर बसली होती, हेडफोन गळ्यात. आम्हाला बघून म्हणाली, "आलात? मयताला आलात का?"

"तुझं शिसं बघायला आलो," पर्सी म्हणाला. "आणलंयस?"

आणायचं कसलं, ते सगळं तिच्या गाडीच्या डिकीतच होतं. आइसक्रीमचे रिकामे डबे, एकावर एक, प्रत्येकात पिशव्या ओळीनं लावलेल्या. मी थक्क झालो. आमच्यापैकी कुणाचं सोनंनाणंसुद्धा इतकं नीट ठेवलेलं नसेल. पर्सीनं हातमोजे काढले आणि शिशाचा डबा उघडला. एक पिशवी उचलली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. तिसरी मात्र हातातच राहिली. गोल, चपटी चकती, बिस्किटाहून लहान, वर खिळ्यानं ओढल्यासारखी फुली.

"हे वजन आहे," तो म्हणाला. "तराजूतलं. जुनं." आणखी चार पिशव्या चाळल्या. "हेही वजनच. आणि हे. हे तू काय लिहिलंयस?"

"चेपलेला गोळा."

"गोळा नाही, वजनच आहे. आपण नऊ वर्षांपूर्वी असली किती फेकून दिली असतील कुणास ठाऊक," तो माझ्याकडे बघून पुटपुटला. मी स्वतः त्यातली डझनभर तरी कुंपणापलीकडे भिरकावली होती.

मग त्यानं कचऱ्याचा डबा ओढला. वरच एक पिशवी होती. नंबर २१२, चार नोव्हेंबर, आणि हेझलच्या अक्षरात: "फॉइल?" आत करड्या रंगाचा पातळ तुकडा होता. करंगळीच्या नखापेक्षा लहान, केकच्या फोडीसारखा त्रिकोणी. पर्सीनं खिशातून भिंग काढलं. बघितलं. भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं.

"पोरी, हे फॉइल नाही."

"मग काय आहे?"

"पेनी आहे. चांदीची. म्हणजे पेनीचा पाव हिस्सा."

"अर्धवट कशी काय? मी मोडली का? मी खुरप्यानं मोडली?"

"तू नाही मोडलीस. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी कापली. पेनीच्या मागे फुली असायची, तिच्यावरून कापायची. अर्धी हवी तर अर्धी, पाव हवी तर पाव. त्या काळी सुटे पैसे म्हणजे कात्री."

हेझल उठली. बादली गडगडत गेली. तिनं तो तुकडा बघितला, पर्सीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग जी आरोळी ठोकली, तिच्यापुढे पहिल्या दिवसाची आरोळी म्हणजे कुजबुज. ओढ्याकाठचे सगळे कावळे उडाले.

"दहा आठवडे!" ती ओरडत होती. "दहा आठवडे माझ्या डिकीत! मी बाजारात जाऊन आले, दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, नणंदेकडे जेवून आले, आणि आठशे वर्षांची चांदी मागे बटाट्यांच्या पिशवीखाली!" तिनं पर्सीला मिठी मारली. पर्सीला गेल्या वीस वर्षांत कुणी मिठी मारली असेल असं मला वाटत नाही. तो लाकडासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "भिंग फुटेल."

"फॉइल?" लिहिलेल्या आणखी पाच पिशव्या होत्या. आम्ही तिघांनी त्या एकेक करून उघडल्या. चार खरोखरच फॉइल निघाल्या, एकीत तर चॉकलेटचा वास अजून होता. पाचवीत अर्धी पेनी.

मग पर्सीनं वही मागितली. माझ्याकडे शेताचा नकाशा होता. तो गाडीच्या बॉनेटवर पसरला, आणि हेझल जागा वाचत गेली, मी ठिपके काढत गेलो. खिळे, नट, काडतुसं सगळ्या शेतभर विखुरलेली. पण वजनं, शिशाचे वितळलेले ओघळ, छोटी बक्कलं आणि चांदीचे ते दोन तुकडे सगळेच्या सगळे एका कोपऱ्यात पडत गेले, जुन्या वाटेला लागून. ठिपक्यांवर ठिपके. शेवटी पेन टेकवायला जागा राहिली नाही. आम्ही तिघं त्या काळ्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिलो. कुंपणाच्या फांद्यांवरचं दव वितळून आमच्या टोप्यांवर ठिबकत होतं आणि कुणालाच त्याचं भान नव्हतं.

"तिथे काहीतरी होतं," हेझल म्हणाली. या वेळी हळू.

आमच्या जिल्ह्यात सापडलेल्या वस्तूंची नोंद करायला संग्रहालयातली एक बाई आहे, डॉक्टर इमोजेन पास्क. वय पस्तिशीचं, बूट कायम चिखलाचे, हसणं मोकळं. मंगळवारी ती हेझलच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. पेनीचे तुकडे बाजूला ठेवून तिनं आधी वहीच वाचायला घेतली. पान उलटत गेली, उलटत गेली.

"हे सगळं तुम्ही लिहिलंत? काडतुसांची बुडंसुद्धा?"

"मला काय ठाऊक काय महत्त्वाचं आहे ते!" हेझल म्हणाली. "चुकलं का काही?"

"चुकलं? अहो, लोक मला मुकुट आणून देतील आणि कुठे मिळाला विचारलं तर म्हणतील, त्या झाडाच्या आसपास कुठेतरी. तुम्ही मला अख्खी जागा आणून दिलीत." मग ती पुढे वाकली. "जुन्या कागदांत हॅलिंगमच्या जत्रेचा उल्लेख आहे. वर्षातून तीन दिवस भरायची. सगळे समजत होते चर्चसमोरच्या मैदानावर भरत असेल. पण वजनं, कापलेली नाणी, बक्कलं, तीही गुरं नेण्याच्या वाटेवर... हेझल, मला वाटतं तुम्ही जत्रेतच उभ्या होतात."

क्लाइव्ह दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे ही पाच महिने जत्रेत हिंडत होती आणि घरी मात्र शिसं आणत होती?"

"तू गप्प बस," हेझल म्हणाली, "आणि डॉक्टरांना केक दे."

आता नीट, सगळ्यांनी मिळून, आखून शोधायचं ठरलं. पण फेब्रुवारीभर पाऊस. कोपऱ्यात पाणी साचलं. शेत चालण्याजोगं झालं ते दहा मार्चला आणि त्याच दिवशी ऑल्डस फाटकाशी येऊन म्हणाला, "बावीस तारखेला नांगर घालणार. एक दिवसही पुढे ढकलणार नाही. बीट थांबत नाही."

हातात अकरा दिवस!

ते अकरा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. क्लबाचे सगळे सव्वीस जण आले, कामधंद्याला सुट्ट्या टाकून आले. इमोजेननं काठ्या रोवून, दोऱ्या बांधून कोपऱ्याचे चौकोन पाडले. नांगर जातो तेवढ्याच मातीत, वीतभर खोल, त्याखाली नाही, असा तिचा हुकूम. आणि बाकी सगळे हुकूम हेझलचे. "रांगेत! रांगेत चला! हॅरॉल्ड, पुढे घुसू नकोस, शाळेतही घुसायचास!" तिशी उलटलेला हॅरॉल्ड निमूट मागे सरला. बाराच्या ठोक्याला फाटकाशी पातेलं उतरायचं, मटण-गाजराचा स्ट्यू आणि पावाचे जाड तुकडे, आणि हात धुतल्याशिवाय वाडगा मिळायचा नाही.

आणि वस्तू! पहिल्याच दिवशी कापलेल्या पेनीचे तीन तुकडे. दुसऱ्या दिवशी एकही नाही, आणि सगळे हिरमुसले, पर्सी मात्र म्हणाला, "हा खरा दिवस, कालचा लाडाचा." तिसऱ्या दिवशी छोट्या तराजूचा दुमडणारा दांडा, कापडाच्या गठ्ठ्यावर मारायची शिशाची मोहोर, पट्ट्याच्या टोकाची चिमुकली पितळी जीभ. कुणाच्या हेडफोनमध्ये आवाज झाला की तो हात वर करायचा, आणि सव्वीस माना तिकडे वळायच्या. निम्म्या वेळा खिळा निघायचा. तरी माना वळायच्याच.

पातेलं उचलायला म्हणून आलेल्या क्लाइव्हनं पाचव्या दिवशी, बायको वाढण्यात गुंतलेली बघून, तिचा डिटेक्टर हळूच उचलला. दोन मिनिटांत त्यानं हात वर केला. चेहरा लाल, डोळे मोठे. "चांदी आहे! किणकिणतंय! ऐका, ऐका!" खणलं. निघालं ते त्याच्याच आदल्या दिवशीच्या डुकराच्या मांसाच्या पेस्ट्रीचं फॉइल, वर दातांच्या खुणांसकट. आम्ही पोट धरून हसलो. तो मात्र हसला नाही. "अजून एकदा बघतो," म्हणाला, आणि हेझलला तिचा डिटेक्टर त्या दिवशी परत मिळाला तो संध्याकाळी घरी निघताना.

एकवीस तारीख, शेवटचा दिवस. दुपारचे चार वाजले होते. शेवटचा चौकोन हेझलच्या वाट्याला आला होता आणि पर्सी तिच्या शेजारच्या पट्ट्यात होता. ती थांबली, एक पाऊल मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"पर्सी, जरा ऐका. आहे की नाही?"

पर्सीनं तिचे हेडफोन कानाला लावले. "आहे. अगदी बारीक. तुझा कान तयार झाला, पोरी. मी हे सोडून गेलो असतो."

ती गुडघ्यावर बसली. ढेकूळ काढलं, हातानं फोडलं. आत मोठ्या बोराएवढं हिरवट, गोल काहीतरी होतं. तळाशी चीर, डोक्याला कडी.

"घुंगरू," मी म्हणालो.

"हलवू नका!" इमोजेन धावत आली. "आतला लोखंडी खडा गंजला असेल तर तुटेल." ती तिथेच मातीत बसली. बाटलीतलं पाणी थेंब थेंब सोडत, कुंपणातला एक काटा तोडून त्यानं ती चिरेतली माती कणाकणानं काढत राहिली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एकेक जण आपला पट्टा सोडून भोवती येऊन उभा राहिला. ऑल्डसही आला होता, दुसऱ्या दिवशीच्या नांगरटीसाठी जमीन बघायला. इमोजेननं घुंगरू उन्हात धरून चिरेतून आत पाहिलं.

"खडा सुटा आहे," ती म्हणाली. "हेझल, तुम्ही हलवा. एकदाच. हळू."

आम्ही सगळ्यांनी हेडफोन काढून गळ्यात घेतले. कुणी सांगितलं नव्हतं. हेझलनं कडी दोन बोटांत धरली आणि हात किंचित हलवला.

वाजलं! बारीक, कोरडं, जेमतेम ऐकू येईल असं, पण वाजलं.

मग हॅरॉल्ड रडायला लागला, त्याला बघून मी, आणि मग एकदम सगळेच ओरडायला, नाचायला, एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले. "कुणाचं असेल?" हेझल विचारत होती, हसत आणि डोळे पुसत. "कुणाचं असेल हे?"

"सांगता येत नाही," इमोजेन म्हणाली. "कुत्र्याच्या गळ्यातलं असेल. शिकारी ससाण्याच्या पायातलं असेल. बाळाच्या अंगरख्याचं असेल. जत्रेत हरवलं एवढं नक्की."

ऑल्डस टोपी हातात घेऊन उभा होता. "आज्यानं इथे नांगर धरला," तो म्हणाला. "बापानं धरला. मी चाळीस वर्षं धरतोय. आणि आमच्या पायाखाली जत्रा." एवढं एका दमात बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यानं ठरल्याप्रमाणे नांगर घातला, चौदापैकी तेरा एकरांवर. तो कोपरा त्यानं गवताला सोडला. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. घुंगरू, तराजूचा दांडा आणि पेनीचे एकतीस तुकडे संग्रहालयात काचेच्या एका छोट्या कपाटात आहेत. शेजारच्या दालनात सोन्याचे दागिने आहेत, त्यामुळे येणारेजाणारे या कपाटावरून भराभर पुढे सरकतात. महिन्यातल्या पहिल्या शनिवारी मात्र सरकता येत नाही, कारण हेझल तिथे उभी असते. "थांबा! सोनं कुठे पळून जात नाही. आधी हे बघा," असं म्हणून ती अनोळखी माणसांच्या बाह्या धरते. परवा एका जपानी कुटुंबाला तिनं पाऊण तास धरून ठेवलं. निघताना त्यांनी तिच्यासोबत फोटो काढला.

पर्सीला सोनं अजून मिळालेलं नाही. हेझललाही नाही. क्लाइव्हनं स्वतःचा डिटेक्टर घेतला आणि आता स्पेनचं नाव काढत नाही. या मोसमात दोघं ओढ्यापलीकडचं नवं शेत चाळताहेत, आणि गेले तीन आठवडे तिथे खिळ्यांशिवाय काही नाही.

काल दुपारी मी जेवायला बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे वारा घोंघावत होता आणि हेझल ओरडत होती.

"सहा तास झाले! बावीस खिळे, दोन नट, आणि एक चमचा!"

"कसला चमचा?"

"ते कळत नाहीये म्हणून तर फोन केला! दांड्यावर काहीतरी कोरलंय. क्लाइव्ह म्हणतो मासा आहे, मी म्हणते माणूस आहे. पर्सी निघालेत. तू येतोयस का?"

ताट तसंच ठेवून मी बूट शोधायला लागलो.